आपला धूर, शेजाऱ्याचा श्वास

जमिनीच्या बाबतीत आपण वसईकर फार जागरूक आहोत. बांध हातभर सरकला तर आपण मोजणी आणतो, सातबारा काढतो, प्रसंगी सख्ख्या भावाविरुद्ध कोर्टाची पायरी चढतो. पाण्याचेही तसेच. टँकरवाले विहिरींतून बेसुमार पाणी उपसू लागले तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत हरित वसईच्या आंदोलनात याच पट्ट्यातील माणसे रस्त्यावर उतरली होती. हवेचा सातबारा मात्र कोणाच्याच नावावर नाही. शेजारच्या वाडीत कचरा पेटला आणि धूर आपल्या पडवीत शिरला तर आपण काय करतो? खिडकी लावून घेतो. फार तर खोकता खोकता दोन शब्द पुटपुटतो. हातभर जमिनीवर अतिक्रमण झाले तर तो आपल्याला अन्याय वाटतो. तेच अतिक्रमण आपल्या मुलाच्या फुफ्फुसावर झाले तर ती नुसती गैरसोय वाटते. असे का व्हावे?

याचे एक कारण असे की, धुरातला खरा घातक भाग डोळ्यांना दिसतच नाही. काळा लोट दिसतो, राख दिसते, कपड्यावर बसलेली काजळी दिसते. पण डॉक्टर ज्या कणांना भितात ते अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असतात. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मावतील. मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि घशातल्या कफात अडकते. हे कण तिथे थांबत नाहीत. ते फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यामुळे प्रदूषण म्हणजे फक्त खोकला आणि दमा, ही समजूत आता सोडून द्यावी लागेल. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुफ्फुसाचा कर्करोग, कमी वजनाची जन्मणारी बाळे, या सगळ्यांशी दूषित हवेचा संबंध सिद्ध झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या दूषित हवेला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखू त्याच गटात आहे.

हे कण येतात कोठून? डिझेलच्या गाड्या, कोळशावरची वीजकेंद्रे, कारखाने, वीटभट्ट्या, बांधकामाची आणि उखडलेल्या रस्त्यांची धूळ, लाकडावर चालणाऱ्या भट्ट्या, घरातली चूल, उघड्यावर जाळलेला कचरा, अशी ही यादी सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यात एक भर घालावीशी वाटते. सगळे कण धुराड्यातून तयार होऊनच बाहेर पडतात असे नाही. गंधक आणि नायट्रोजन यांचे वायू हवेत गेल्यावर तिथेच त्यांचे कण बनतात, आणि ते शेकडो मैल प्रवास करू शकतात. म्हणजे आपण जे सोडतो ते आपल्यापाशी राहत नाही. धुराचा हा गुणधर्म पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आपल्या देशाने २००९ साली ठरवलेल्या मानकानुसार हवेत या कणांचे प्रमाण वर्षाच्या सरासरीने एका घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेले प्रमाण आहे ५. दोन्ही आकडे आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. सरकारला कारखाने चालवायचे असतात आणि संघटनेला फक्त प्रकृतीचा विचार करायचा असतो. पण फुफ्फुसे राजपत्र वाचत नाहीत. भारतातल्या मुलाची फुफ्फुसे जिनिव्हातल्या मुलापेक्षा आठपट मजबूत असतात असे कोणी म्हणणार नाही.

घरातली आणि बाहेरची मिळून दूषित हवेमुळे जगात दरवर्षी सुमारे ७० लाख माणसे अकाली मरतात, असा याच संघटनेचा अंदाज आहे. आकडा मोठा आहे, तरी तो वाचून आपली झोप उडत नाही. कारण त्या ७० लाखांपैकी एकही आपल्याला भेटलेला नाही. भेटला असला तरी ओळखू आला नाही. आपल्या धर्मग्रामातही मृत्यू होतात, अंत्यविधी होतात. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर न्यूमोनिया असतो, हृदयक्रिया बंद पडणे असते, जुनाट दमा असतो. ‘धुराने मृत्यू’ असे कोणत्याही प्रमाणपत्रावर नसते.

एका मुलीच्या प्रमाणपत्रावर मात्र ते आले. लंडनमधली एला किस्सी-डेब्रा नऊ वर्षांची असताना फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने वारली. तिचे घर गजबजलेल्या हमरस्त्याला लागून होते. शेवटच्या तीन वर्षांत तिला पंचवीसहून अधिक वेळा रुग्णालयात ठेवावे लागले होते. पहिल्या चौकशीत श्वसनक्रिया बंद पडल्याचे कारण नोंदले गेले आणि फाइल मिटली. तिच्या आईने ते मानले नाही. आपल्या मुलीचे झटके आणि रस्त्यावरच्या धुराचे चढउतार यांचा मेळ बसतो हे तिने तज्ज्ञांकडून तपासून घेतले, पहिला निष्कर्ष रद्द करवून घेतला, आणि डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या चौकशीत अधिकाऱ्याने मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. ब्रिटनमध्ये असे प्रथमच घडले. आपल्या लेकराच्या मृत्यूचे खरे कारण कागदावर यावे म्हणून एका आईला जवळजवळ आठ वर्षे थांबावे लागले. त्या नोंदीतही मारणाऱ्याचे नाव नाही, आणि ते घालता येणारही नव्हते. त्या रस्त्यावरून गेलेली कोणती गाडी दोषी ठरवायची?

नेमका येथेच आपला नैतिक प्रश्न सुरू होतो. आपण ज्याला पाप म्हणून ओळखतो त्यात कोणी एक करणारा असतो, कोणी एक सोसणारा असतो आणि दोघांची गाठ पडलेली असते. चोराने कोणाचे चोरले ते कळते. खोटे बोललो तर कोणाशी बोललो ते आठवते. धुराच्या बाबतीत करणारे लाखो, सोसणारे लाखो, आणि कोणाची कोणाशी ओळख नाही. मग पापनिवेदनाला जाऊन सांगायचे तरी काय?

ओळख नसल्याचा फायदा घेण्याची आपली सवय जुनी आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस काळपट धुके बसून राहिले. थंडीमुळे घराघरांत कोळशाच्या शेगड्या पेटल्या होत्या, वारा पडला होता, आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसले होते. तेव्हाच्या हिशेबाने ४,००० माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. १९५६ मध्ये तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला, शहरांत बिनधुराचे इंधन आले. फार चांगले झाले. पण वीजकेंद्रांच्या बाबतीत एक सोपी युक्तीही वापरली गेली. चिमण्या उंच केल्या. धूर वर गेला, गाव स्वच्छ दिसू लागले, आणि ब्रिटन व युरोपातल्या इतर देशांचा गंधक वाऱ्याबरोबर नॉर्वे-स्वीडनला जाऊन तेथल्या तळ्यांत आम्लाच्या पावसाने पडू लागला. हजारो तळ्यांतले मासे संपले. तेथल्या कोळ्यांनी लंडनची चिमणी कधी पाहिलीही नसेल. पुढे १९७९ साली या देशांना एकत्र बसून सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रदूषणाबद्दल करार करावा लागला.

उंच चिमणी बांधायला विटाच लागतात असे नाही. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला जाऊ लागला. तो मलबार हिलला जात नाही. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली तेव्हा धूर कित्येक दिवस गोवंडी-मानखुर्दच्या घरांत कोंडला होता. माहुलचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर त्या कुटुंबांना घरे दिली गेली ती चेंबूरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना खेटून असलेल्या माहुलमध्ये. तेथल्या हवेमुळे रहिवाशांच्या प्रकृतीला धोका आहे असे राष्ट्रीय हरित लवादाने त्याआधीच, २०१५ मध्ये, म्हटले होते. लोक आजारी पडले, त्यांनी आंदोलन केले, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की अशा ठिकाणी राहण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही. कायद्याने घर मिळाले होते. श्वासाचा विचार त्यात कोणी केला नव्हता.

आता आपल्याकडे पाहू. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो, ते खारे वारे. रात्री याच्या उलट. किनाऱ्यालगत राहणाऱ्या आपल्या पश्चिमेच्या गावांना या खाऱ्या वाऱ्यांनी फार लाडावून ठेवले आहे. दुपारी वाडीत पाला पेटवला की अर्ध्या तासात धूर नाहीसा होतो. पण तो जातो कोठे? रेल्वेच्या रुळांपलीकडे, पूर्वेला. तिकडे चाळी आहेत, औद्योगिक वसाहती आहेत, गोखिवऱ्याची क्षेपणभूमी आहे, जिथे आपण रोज घंटागाडीत टाकलेला कचरा जातो आणि जिथे वारंवार आगी लागल्या आहेत. त्यापलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर. तिथली माणसे आपल्या धुराबरोबर स्वतःचाही धूर घेतात आणि कारखान्यांचाही. रात्री मतलई वारा सुटला की त्यातला थोडा आपल्याकडे परत येतो, आणि मग आपण म्हणतो, हल्ली हवा फार बिघडली आहे बुवा.

‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न प्रभू येशूला एका शास्त्र्याने विचारला होता आणि त्याला उत्तरादाखल चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ऐकावी लागली होती. आपण शेजारी म्हणतो तो कुंपणापलीकडचा, ज्याच्या लग्नाला आपण जातो तो. धुराच्या दृष्टीने शेजारी म्हणजे वाऱ्याच्या दिशेला जो कोणी राहतो तो. त्याचे नाव, जात, धर्म आपल्याला माहीत नसतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वातावरण ही सर्वांची सामाईक ठेव मानली आणि दूषित हवेचा मार आधी गरिबांना बसतो हे आवर्जून नोंदवले. स्वयंपाकासाठी व उबेसाठी जाळलेल्या इंधनाच्या धुराचा उल्लेखही त्यांनी त्यात केला आहे. पोपमहोदयांच्या परिपत्रकात चुलीचा धूर यावा, याचे आम्हाला विशेष वाटते.

यावर नेहमीचा आक्षेप असा : माझ्या एका स्कूटरने, माझ्या एका शेकोटीने काय फरक पडतो? हिशेबाने पाहिले तर जवळजवळ काहीच नाही, हे मान्य करायला हवे. पण हाच हिशेब आपण दुसरीकडे लावत नाही. रविवारी दानपेटीत दहा रुपये टाकणारी आजी ‘माझ्या दहा रुपयांनी चर्चचे छप्पर होणार आहे का?’ असे म्हणत नाही. छप्पर अशाच दहा-दहा रुपयांतून झाले हे तिला ठाऊक असते. चांगल्या कामात आपला छोटा वाटा मोजायचा आणि वाईट कामात तो शून्य धरायचा, हा हिशेब खरा नव्हे.

मात्र सगळ्यांचा वाटा सारखाच दोषाचा, असेही आम्हाला वाटत नाही. धर्मशिक्षणात आपण शिकलो की पापाची गंभीरता ठरवताना माणसाला जाणीव किती होती आणि निवडीचे स्वातंत्र्य किती होते, हे पाहावे लागते. ही कसोटी येथे उपयोगी पडते. आपल्या आज्यांनी जन्मभर चुलीपुढे फुंकणी फुंकली. त्यांना कणांचे काही ठाऊक नव्हते आणि दुसरा उपायही नव्हता. त्या तर या धुराच्या पहिल्या बळी होत्या. घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे. त्यांत बायका आणि मुले किती असतील याचा विचार करावा. चूल पेटवत होती बाई. पण घरात काय विकत आणायचे आणि काय नाही, हे बहुतेक घरांत ठरवत होता पुरुष. रेडिओ आला, सायकल आली, आणि स्टोव्ह येण्याआधी कित्येक वर्षे गेली. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅस पोचला हे खरे, पण दुसरे सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा सरपण येते. पूर्वेच्या पाड्यावर काटक्या जाळणारी बाई आणि घंटागाडीची वाट पाहायला नको म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या बंबात कोंबणारे आपण, यांना एकाच तागडीत तोलता येणार नाही. प्लास्टिकमध्ये क्लोरिन असले की ते जळताना डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात, आणि आता ही गोष्ट शाळकरी मुलालाही माहीत आहे. हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड सांगितला. तो कोणाला झाल्याचे आपल्या कानावर क्वचितच येते.

खरी अडचण मधल्या माणसाची आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना व तंदूर-भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. बेकरीत जळते ते बहुधा मोडक्या फर्निचरचे आणि पाडलेल्या इमारतींचे रंग लावलेले, स्वस्तातले लाकूड. त्याचा धूर वाईटच. पण पाव म्हणजे आपल्या घरची गोष्ट. तो आपल्याला पहाटे, गरम आणि स्वस्त हवा असतो. भट्टी बदलण्याचा खर्च त्या छोट्या बेकरीवाल्याने एकट्याने का सोसावा? स्वच्छ हवा सगळ्यांना मिळणार असेल तर पावामागे थोडे अधिक मोजण्याची तयारी गिऱ्हाईकानेही ठेवली पाहिजे, आणि सरकारने कर्ज-अनुदान दिले पाहिजे. आणि बेकरीवाल्याइतक्याच कडकपणे ताडपत्री न लावता टॉवर उभारणाऱ्या बिल्डरलाही विचारले गेले पाहिजे. नियम लहानावर आधी आणि मोठ्यावर सवडीने, असे झाले की लोकांचा नियमावरचाच विश्वास उडतो.

सरकार, कायदा यांच्यावाचून निव्वळ सज्जनपणाने हवा स्वच्छ होत नाही, हेही सांगून टाकू. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे आणि ते मुलांच्या रक्तात, मेंदूत जात असे. आपल्या देशात २००० साली ते बंद झाले. अल्जीरियाने २०२१ मध्ये ते थांबवल्यावर जगातल्या सगळ्याच पंपांवरून ते गेले. त्यासाठी आपल्यापैकी एकालाही आपला स्वभाव बदलावा लागला नाही. पेट्रोल बदलले. म्हणून ‘प्रत्येकाने स्वतःपासून सुरुवात करावी’ एवढेच सांगून थांबणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. त्यात मोठे धुराडेवाले खूश होतात. वाडीतला पाला न जाळणे हे जसे कर्तव्य, तसेच पालिकेकडे अर्ज करणे, प्रभाग समितीत विचारणे, निवडणुकीत उमेदवाराला हवेबद्दल बोलायला लावणे हेही कर्तव्यच. टँकरच्या वेळी आपण ते केले होते.

राहता राहिला वाडीतला पाला. झावळ्या जाळण्याची काही गरज नाही. तुकडे करून नारळाच्या आळ्यात पसरल्या तर उन्हाळ्यात ओल टिकते आणि पुढे त्यांचे खत होते. जुने शेतकरी हे करीतच होते. झावळ्या कापायला वेळ नाही आणि माणूस मिळत नाही, ही आजची अडचण खरी आहे. चार-पाच घरांनी मिळून कापणीचे यंत्र घेता येईल का, हे आपल्या छोट्या समूहांच्या बैठकीत बोलून पाहता येईल. मंदिरातल्या धूपदानीचा धूरही फुफ्फुसांना वेगळा ओळखू येत नाही, हे धर्मगुरूंची माफी मागून सांगतो. निदान तेवढा वेळ पंखे आणि खिडक्या चालू-उघड्या असाव्यात.

आणि ३१ डिसेंबरचा ‘ओल्ड मॅन’. पूर्वी तो पेंढ्याचा आणि जुन्या कपड्यांचा असे. आता त्यात फोमची गादी, टायर, प्लास्टिक आणि फटाके भरले जातात, आणि तो पेटतो मध्यरात्री, ऐन थंडीत, जेव्हा वारा पडलेला असतो आणि धूर गावावरच बसून राहतो. आपल्या तरुणांची मजा काढून घ्यावी असे आम्हाला वाटत नाही. त्यांनी या वर्षी तो पेंढ्याचाच करावा. आणि काडी लावण्याआधी वाडीत दम्याचे कोणी आहे का, तान्हे बाळ कोणाकडे आहे, हे घरोघरी विचारून घ्यावे. कोणी असेल तर त्या रात्री वारा कोणत्या घराकडे वाहतो आहे, तेही पाहावे.